रोगाला न जुमानणारा गहू शोधायला जग पालथं घालणारे निकोलाय वाविलोव तुरुंगात उपासमारीने कसे गेले?

१९१६ साल. पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि रशियाच्या सैन्याची एक फळी उत्तर इराणमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पर्शियात, तळ ठोकून होती. तिथल्या सैनिकांना एक विचित्र त्रास सुरू झाला. स्थानिक पिठाचा पाव खाल्ला की डोकं गरगरायचं, पाय लटपटायचे, दारू प्यायल्यासारखी अवस्था व्हायची. कारण शोधायला रशियाहून २८ वर्षांच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाला पाठवण्यात आलं. लहानपणी डोळ्याला झालेल्या इजेमुळे त्यांना सैन्यात भरती केलेलं नव्हतं.

त्यांनी तिथली शेतं पाहिली, धान्य निवडून पाहिलं आणि उत्तर सापडलं. गव्हाच्या शेतात गव्हासारखंच दिसणारं एक तण माजलं होतं. त्याचे दाणे गव्हासोबत दळले जात होते आणि त्या दाण्यांमध्ये बुरशी होती. सैनिकांना बाधत होती ती ही बुरशी.

या शास्त्रज्ञाचं नाव निकोलाय इवानोविच वाविलोव. पिकांची मूळ घरं कुठली हे सांगणारे आणि जगातल्या पहिल्या मोठ्या बियाणे संग्रहांपैकी एक उभा करणारे शास्त्रज्ञ म्हणून आज त्यांची ओळख आहे. पण त्यांच्या कामाची सुरुवात झाली ती पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांपासून. आणि आयुष्याच्या शेवटच्या मोकळ्या दिवसांत ते पुन्हा याच विषयावर लिहीत होते.

एकाच शेतात, एकाच हवेत, एक गहू रोगाने काळा पडतो आणि शेजारचा हिरवागार राहतो. असं का होतं आणि असा गहू जगात कुठे सापडेल, या प्रश्नामागे ते आयुष्यभर फिरले. ही त्याचीच गोष्ट.

गोगलगायींपासून सुरुवात

वाविलोव यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्कोत झाला. वडील गरीब शेतकरी कुटुंबातले. खेड्यातून शहरात आले आणि कापडाच्या व्यापारात मोठे झाले. धाकटा भाऊ सर्गेई पुढे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झाला.

घरात पैसा होता, पण देशात भूक होती. वाविलोव चार वर्षांचे असताना, १८९१-९२ साली रशियात भीषण दुष्काळ पडला. थंडी लवकर येणार, पाऊस दगा देणार आणि यातून जे पीक वाचेल त्यावर रोग पडणार, हे रशियन शेतीचं जुनं दुखणं होतं.

१९०६ साली ते मॉस्कोच्या कृषी संस्थेत दाखल झाले. पदवीसाठी त्यांनी विषय निवडला शेतातल्या गोगलगायींचा. शंख नसलेल्या गोगलगायी पिकांचं किती आणि कसं नुकसान करतात, याचा तो अभ्यास होता. म्हणजे पिकाचा शत्रू कोण, हा प्रश्न पहिल्यापासूनच डोक्यात होता.

पदवीनंतर १९११-१२ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला गेले. तिथे दोन माणसांच्या हाताखाली ते शिकले. एक रॉबर्ट रेगेल. ते रशियाभरातल्या पिकांचे वाण गोळा करत होते. दुसरे आर्थर याचेव्स्की, बुरशीशास्त्रातलं रशियातलं सर्वात मोठं नाव. एकाकडून वाविलोव वाण ओळखायला शिकले आणि दुसऱ्याकडून रोग. पुढचं सगळं काम या दोन गोष्टी एकत्र आणण्याचं होतं.

तांबेरा आणि भुरी म्हणजे नेमकं काय?

पुढची गोष्ट कळायला आधी हे दोन रोग समजून घेऊ. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही नावं नवीन नाहीत.

तांबेरा म्हणजे गव्हाच्या पानांवर किंवा खोडावर उठणाऱ्या गंजासारख्या पुळ्या. बोट फिरवलं तर तांबूस भुकटी हाताला लागते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. गव्हावर तो तीन प्रकारचा येतो: काळा, नारिंगी आणि पिवळा. पिवळ्या तांबेऱ्याला थंड हवा मानवते, काळ्याला जरा उबदार. भुरीमध्ये पानावर पांढरी पावडर शिंपडल्यासारखी दिसते. गव्हाची भुरी वेगळी आणि द्राक्षाची वेगळी, पण दोन्हींचं रूप सारखंच.

या बुरशी जिवंत झाडावरच जगतात. मग थंड देशात, जिथे अनेक महिने शेतावर बर्फ असतो, तिथे त्या टिकतात कशा?

काळ्या तांबेऱ्याचं उत्तर भन्नाट आहे. पीक पिकत आलं की ही बुरशी जाड कवचाचे काळे बीजाणू तयार करते. ते धसकटांवर बर्फाखाली हिवाळा काढतात. वसंत ऋतूत ते रुजतात, पण गव्हावर नाही, तर आपल्या दारुहळदीच्या जातकुळीतल्या एका झुडपावर. त्या झुडपावर बुरशीच्या दोन वेगवेगळ्या वंशांचा संकर होतो आणि मग नवे बीजाणू वाऱ्यावर स्वार होऊन गव्हावर उतरतात. जर्मन शास्त्रज्ञ अंतोन द बारी यांनी १८६५ साली हे चक्र उलगडलं. म्हणजे हे झुडूप बुरशीला नुसता आसरा देत नाही, तर जनुकांची अदलाबदल करून दरवर्षी नवी रूपं घ्यायची संधीही देतं.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. इथे बुरशीला मारतो तो उन्हाळा. मैदानातल्या कडक उन्हात तांबेरा टिकत नाही. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं, की भारतात तांबेरा थंड डोंगरांमध्ये तग धरतो आणि तिथून पुन्हा मैदानात उतरतो. दक्षिणेत ते डोंगर म्हणजे निलगिरी आणि पळणी. महाराष्ट्रात गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारं केंद्र महाबळेश्वरच्या थंड हवेत आहे, त्यामागे हेच गणित आहे.

रोगाचा नकाशा हवामान ठरवतं, वारा ठरवतो आणि जनुकं ठरवतात. वाविलोव यांना या तिन्हींचा एकत्र विचार करायचा होता.

एक गहू, ज्याच्यावर भुरी येतच नव्हती

द्राक्षबागेत गंधक मारता येतं, पण हजारो मैल पसरलेल्या गव्हावर फवारणी करणं त्या काळात शक्य नव्हतं. त्यामुळे मुळातच रोगाला दाद न देणारा वाण शोधणं, हाच उपाय होता.

पण रोगप्रतिकार वंशाने पुढे जातो का? १९०० साली मेंडेलचे विसरले गेलेले नियम पुन्हा उजेडात आले होते. केंब्रिजच्या रोलंड बिफन यांनी १९०५ साली पिवळ्या तांबेऱ्याला बळी पडणारा गहू आणि न पडणारा गहू यांचा संकर केला. दुसऱ्या पिढीत साधारण तीन रोगट रोपांमागे एक निरोगी रोप मिळालं. अगदी मेंडेलच्या वाटाण्यांसारखं. रोगप्रतिकार ही दैवाची किंवा खताची गोष्ट नसून जनुकांची गोष्ट आहे, याचा हा ठोस पुरावा होता.

१९१३ साली वाविलोव शिकायला इंग्लंडला गेले. तिथे बिफन यांच्यासोबत आणि विल्यम बेटसन यांच्या संस्थेत त्यांनी काम केलं. जनुकशास्त्राला त्याचं इंग्रजी नाव देणारे ते हेच बेटसन.

तांबेरा आणि भुरीसमोर वाविलोव यांनी गहू आणि ओटचे शेकडो वाण तपासले. सामान्य गव्हाचे बहुतेक वाण भुरीने पांढरे पडत. अपवाद होता एका नमुन्याचा. जर्मनीतल्या बियाणे विक्रेत्याकडून आलेल्या या गव्हावर पर्शियन असं लेबल होतं आणि त्याच्यावर भुरी जवळपास येतच नव्हती.

त्यांनी त्याचा नेहमीच्या गव्हाशी संकर केला. संकरित रोपांना नीट दाणे भरेनात. याचा अर्थ हे दोघे जवळचे नातेवाईक नव्हते. पुढे गुणसूत्रं मोजल्यावर उलगडा झाला. सामान्य गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, या गव्हात २८. म्हणजे रोगाने वाविलोव यांना वनस्पतीची खरी ओळख पटवून दिली होती. एखादं रोप कोणत्या रोगाला बळी पडतं आणि कोणत्या नाही, हे त्याच्या वंशाची ओळख म्हणून वापरता येतं, अशी मांडणी त्यांनी १९१४ साली एका इंग्रजी शोधनिबंधात केली.

म्हणूनच १९१६ साली पर्शियाला जायची संधी आली तेव्हा सैनिकांच्या आजाराबरोबर हा पर्शियन गहूही त्यांच्या मनात होता. त्यांनी तो शोधला, पण तो तिथे सापडला नाही. उलट, सामानात इंग्रजी पुस्तकं आणि नोंदी सापडल्यामुळे रशियाच्याच सैनिकांनी त्यांना जर्मन हेर समजून काही दिवस डांबून ठेवलं.

तो गहू काही वर्षांनी सापडला, तो कॉकेशस पर्वताच्या भागात. जॉर्जियातले शेतकरी त्याला डिका म्हणत आणि पिढ्यान्‌पिढ्या पेरत होते. पर्शियन हे नाव चुकीच्या पत्त्यासारखं निघालं.

थंडी वाढली आणि तणाचं पीक झालं

पर्शियाहून वाविलोव पामीरच्या पठाराकडे गेले. तिथे त्यांना एक गोष्ट दिसली. पायथ्याच्या शेतात गहू होता आणि त्यात राई नावाचं तण. मोहरीची राई नव्हे, तर युरोपात काळा पाव ज्याचा करतात ते गव्हाच्या नात्यातलं धान्य. जसजसं वर चढावं तसतशी थंडी वाढे, गहू कमी होई आणि राई वाढत जाई. सर्वात वरच्या शेतांमध्ये फक्त राई उरे.

शेतकऱ्यांनी राई मुद्दाम निवडली नव्हती. थंडीने गहू मारला, राई तगली आणि तण होतं ते पीक झालं. वाविलोव यांना कळलं, की डोंगर हे निसर्गाची प्रयोगशाळा आहेत. थोड्या अंतरात हवामान बदलतं आणि प्रत्येक उंचीवर वेगळी जनुकं टिकतात. जे थंडीच्या बाबतीत खरं, ते रोगाच्या बाबतीतही खरं असणार.

१९१७ साली ते व्होल्गा नदीकाठच्या सारातोव शहरात प्राध्यापक झाले. बाहेर क्रांती आणि यादवी युद्ध चालू होतं. त्यातच १९१९ साली त्यांचा वनस्पतींच्या रोगप्रतिकारावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीवर नोबेल मिळवणाऱ्या इल्या मेचनिकोव यांच्या स्मृतीला तो अर्पण केलेला होता.

त्यांच्या या विषयावरच्या विचारांचं सार तीन मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला, प्रतिकार दोन प्रकारचा असतो. काही झाडांची जाड साल, मेणाचा थर किंवा रचना बुरशीला आत शिरू देत नाही. काही झाडांत बुरशी शिरते, पण पेशी तिला वाढू देत नाहीत. खरा टिकाऊ आधार या दुसऱ्या प्रकाराचा.

दुसरा, बुरशी जितकी निवडक, म्हणजे ठरावीक पिकावरच जगणारी, तितकी तिला दाद न देणारा वाण सापडण्याची शक्यता जास्त. जी बुरशी शंभर झाडांवर जगते, तिच्याविरुद्ध असा वाण सापडणं कठीण.

तिसरा मुद्दा नकाशाचा. जिथे रोग शतकानुशतकं त्रास देतोय, तिथे कमजोर झाडं मरून गेलेली असतात आणि उरलेल्यांत प्रतिकार असतो. दमट भागांतल्या गव्हात प्रतिकार जास्त दिसतो. याउलट मध्य आशियाच्या कोरड्या भागांतला गहू तांबेऱ्यापुढे लगेच मान टाकतो, कारण त्याची रोगाशी कधी गाठच पडलेली नसते.

थोडक्यात, औषध दुकानात नाही, एखाद्या दूरच्या डोंगरातल्या शेतकऱ्याच्या कणगीत आहे. फक्त कोणत्या डोंगरात, ते कळायला हवं.

जूनमध्ये, १९२० साली, सारातोवच्या परिषदेत त्यांनी आणखी एक नियम मांडला. जवळच्या नात्यातल्या वनस्पतींमध्ये सारख्याच प्रकारचे बदल आढळतात. एकीत जो गुण दिसला, तो दुसरीतही कुठेतरी असणार. मेंडेलीव्हच्या तक्त्याने न सापडलेल्या मूलद्रव्यांच्या जागा सांगितल्या, तसा हा नियम न सापडलेल्या वाणांचा अंदाज देत होता. लोकांनी तेव्हाच ती तुलना केली.

बियाणं गोळा करणारी फौज

१९२० साली रेगेल वारले आणि त्यांच्या विभागाची जबाबदारी वाविलोव यांच्यावर आली. ते पेट्रोग्राडला, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडला, आले तेव्हा शहर थंडीने आणि भुकेने गारठलं होतं. व्होल्गाच्या खोऱ्यात १९२१ साली दुष्काळ पडला. त्याच वर्षी वाविलोव आणि याचेव्स्की अमेरिकेला गेले आणि तिथून बियाणं घेऊन आले.

मग सुरू झाल्या मोहिमा. १९२४ साली अफगाणिस्तान, हिंदुकुश ओलांडून. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राकाठचे देश आणि इथिओपिया. १९२९ साली पश्चिम चीन, जपान, कोरिया. पुढे मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. खेचरावर बसून, तापाने फणफणत, दिवसाला काही तासच झोपून ते बाजारातून आणि शेतांतून मूठ-मूठ बियाणं गोळा करत राहिले.

यातूनच १९२६ साली पिकांच्या मूळ घरांचा सिद्धांत आला. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाची सर्वाधिक विविधता, तेच त्याचं जन्मघर. भारतही त्यांच्या या नकाशावर होता. तांदूळ, तूर, वांगं, आंबा यांची घरं त्यांनी इथे दाखवली होती.

सहकाऱ्यांनाही ते अशाच शोधावर पाठवत. प्योत्र झुकोव्स्की यांना जॉर्जियात एक गहू मिळाला. त्याची रोगप्रतिकारशक्ती जबरदस्त होती. १९२८ साली त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. सर्गेई बुकासोव मेक्सिकोला गेले आणि रानटी बटाट्यांचे नमुने घेऊन आले. त्यातल्या एका जातीत बटाट्याच्या करप्याला तोंड देणारी जनुकं होती. हा तोच करपा, ज्याने १८४५ पासूनच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसं मेली. त्याचं कारण असलेला जीव आज खऱ्या बुरशीपेक्षा वेगळ्या गटात मोडतो, पण तेव्हा तो बुरशीच मानला जाई.

आणलेलं बियाणं देशभरातल्या केंद्रांमध्ये पेरलं जाई. त्यातलं एक केंद्र तर कोला द्वीपकल्पात, ध्रुववृत्ताच्याही उत्तरेला होतं. एकच वाण बर्फाळ उत्तरेत, कोरड्या मैदानात आणि दमट दक्षिणेत पेरायचा, म्हणजे त्याचा कोणता गुण जागेमुळे आहे आणि कोणता जनुकांमुळे, हे कळतं. एका ठिकाणी निरोगी दिसणारा गहू खरंच रोगाला दाद देत नाही, की तिथे रोगच पोहोचलेला नाही, हेही त्यातून समजे.

१९४० पर्यंत लेनिनग्राडच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले होते.

चार वर्षांत गहू हवा

१९२७-२८ आणि १९२८-२९ च्या हिवाळ्यांत युक्रेनमधला हिवाळी गहू मोठ्या प्रमाणावर गारठून मेला. त्यानंतर स्टालिनने शेतीचं सक्तीचं सामूहिकीकरण केलं आणि १९३२-३३ साली लाखो लोक भुकेने मेले. सरकारला ताबडतोब चमत्कार हवा होता.

नवा वाण तयार करायला १० ते १२ वर्षं लागत. १९३१ साली सरकारने हुकूम काढला, की हे काम चार-पाच वर्षांत झालं पाहिजे. वाविलोव यांच्याकडे संग्रह होता, सिद्धांत होता, पण शॉर्टकट नव्हता. रोगाला दाद न देणारा रानटी गहू सापडला तरी त्याचा संकर करायचा, मग नको असलेले गुण काढायला पिढ्यान्‌पिढ्या निवड करायची. पिकाला वर्षातून एकदाच दाणे येतात.

शॉर्टकट घेऊन आला त्रोफिम लायसेन्को. शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला आक्रमक. बियाणं ओलं करून थंडीत ठेवलं तर हिवाळी गहू वसंतात पेरता येतो, हे त्याचं तंत्र होतं. तंत्रात तथ्य होतं आणि वाविलोव यांनी सुरुवातीला त्याचं कौतुकही केलं, त्याला व्यासपीठ मिळवून दिलं. ही त्यांची सर्वात महाग पडलेली चूक.

कारण लायसेन्को तिथे थांबला नाही. परिस्थिती बदलली की झाडाचा वंशच बदलतो, जनुकं वगैरे भांडवलशाही थोतांड आहे, असं तो सांगू लागला. दक्षिणेत बटाट्याचं बियाणं खराब होत होतं ते विषाणूंमुळे. त्याने सांगितलं, की दोष उन्हाचा आहे, लागवडीची वेळ बदला. रोगाचं कारणच नाकारलं की उपायही चुकतो. पण हे ऐकायला सोपं होतं आणि राजकीय भाषेत बसणारं होतं. १९३५ साली क्रेमलिनमधल्या सभेत स्टालिनने उघडपणे त्याची पाठ थोपटली.

त्याच वर्षी वाविलोव यांचं कृषी अकादमीचं अध्यक्षपद गेलं. १९३७ साली मॉस्कोत होणारी आंतरराष्ट्रीय जनुकशास्त्र परिषद रद्द झाली. सहकारी एकेक करून अटकेत जात होते. १९३८ साली लायसेन्को अकादमीचा अध्यक्ष झाला. १९३९ साली एडिनबराच्या जागतिक परिषदेने वाविलोव यांना अध्यक्ष म्हणून निवडलं, पण त्यांना देशाबाहेर जायची परवानगी मिळाली नाही.

ते गप्प बसले असते तर कदाचित वाचले असते. ते भर सभांमध्ये जनुकशास्त्राची बाजू मांडत राहिले.

पुन्हा रोगप्रतिकाराकडे

१९४० साली, सगळं अंगावर येत असताना, वाविलोव यांनी वनस्पतींच्या नैसर्गिक रोगप्रतिकाराचे नियम सांगणारा आणखी एक ग्रंथ लिहिला. रोगाला दाद न देणारे वाण कुठे आणि कसे शोधायचे, याच्या किल्ल्या त्यात होत्या. दरम्यान अमेरिकेत एल्विन स्टॅकमन यांनी दाखवून दिलं होतं, की काळ्या तांबेऱ्याची एकच बुरशी दिसत असली तरी तिचे अनेक वंश असतात आणि एका वंशाला पुरून उरणारा गहू दुसऱ्यापुढे हरतो. त्यामुळे एकाच रोगाच्या नव्हे, तर अनेक रोगांच्या आणि वंशांच्या विरोधात टिकणारी रोपं शोधण्यावर वाविलोव यांचा भर होता.

ते छापून आलेलं त्यांना पाहता आलं नाही. ६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये, चेर्निवत्सी परिसरात बियाणं गोळा करायला गेले असताना त्यांना अटक झाली. मागे राहिलेल्या त्यांच्या पिशवीत डोंगरातून जमवलेल्या एका प्राचीन जातीच्या गव्हाच्या ओंब्या होत्या.

आरोप होते हेरगिरीचे आणि शेतीत घातपात केल्याचे. महिनोन्‌महिने रात्र-रात्र चौकशी चालली. ९ जुलै १९४१ रोजी काही मिनिटांच्या सुनावणीनंतर मृत्युदंड सुनावला गेला. त्याच महिन्यात त्यांचे सहकारी जनुकशास्त्रज्ञ गिओर्गी कार्पेचेंको यांना गोळ्या घातल्या गेल्या. वाविलोव यांचे वयोवृद्ध गुरू द्मित्री प्रियानिश्निकोव जीव धोक्यात घालून त्यांच्यासाठी रदबदली करत राहिले. १९४२ साली शिक्षा कमी होऊन २० वर्षांचा तुरुंगवास झाला. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडलं.

जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्यावर त्यांना सारातोवच्या तुरुंगात हलवण्यात आलं होतं. ज्या शहरात ते प्राध्यापक होते, तेच हे शहर. त्यांच्या पत्नी येलेना बारुलिना, ज्या स्वतः मसूर पिकाच्या तज्ज्ञ होत्या, मुलाला घेऊन युद्धकाळात त्याच शहरात राहत होत्या. नवरा मॉस्कोत आहे असं समजून त्या तिकडे खाण्याच्या वस्तू पाठवत होत्या. तो काही रस्ते पलीकडे आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

२६ जानेवारी १९४३ रोजी उपासमारीने खंगलेले वाविलोव त्या तुरुंगात गेले. वय ५५.

बियाण्यांचं काय झालं?

सप्टेंबर १९४१ पासून जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला होता. त्या हिवाळ्यात बऱ्याच नागरिकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. वाविलोव यांच्या संस्थेत मात्र टनावारी गहू, तांदूळ, डाळी, शेंगदाणे होते.

तिथल्या कर्मचाऱ्यांनी ते खाल्ले नाहीत. तांदळाचा संग्रह सांभाळणारे द्मित्री इवानोव भुकेने गेले. शेंगदाण्यांचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन आणि ओटचा संग्रह पाहणाऱ्या लिलिया रोदिना यांचंही तेच झालं. अब्राम कामेराझ आणि ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया यांनी शहराबाहेरच्या शेतातून, तोफगोळ्यांच्या माऱ्यात बटाटे खणून आणले आणि थंडीने सडू नयेत म्हणून तळघरात ऊब देत जपले. वेढा २७ जानेवारी १९४४ रोजी उठला. त्यातला बराचसा संग्रह वाचला होता.

१९५५ साली वाविलोव निर्दोष असल्याचं सरकारने मान्य केलं. रोगप्रतिकारावरचा तो ग्रंथ १९६१ साली छापून आला. संस्थेला आज त्यांचंच नाव आहे.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

झुकोव्स्की यांना सापडलेल्या जॉर्जियन गव्हातून काळ्या तांबेऱ्याविरुद्ध आणि भुरीविरुद्ध लढणारी जनुकं नंतर जगभरच्या गव्हात आली. डोंगरावर तणापासून पीक झालेल्या राईच्या एका गुणसूत्राचा तुकडाही गव्हात आणला गेला. त्या एका तुकड्यावर तिन्ही तांबेऱ्यांविरुद्धची आणि भुरीविरुद्धची जनुकं होती. वायव्य भारतात अनेक वर्षं सर्वाधिक पेरल्या गेलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ या गव्हातही तो आहे.

पण बुरशीही थांबत नाही. १९९९ साली युगांडातून काळ्या तांबेऱ्याच्या एका नव्या वंशाची नोंद झाली. राईकडून आलेलं काळ्या तांबेऱ्याविरुद्धचं मुख्य जनुक त्याने निष्प्रभ केलं. यूजी ९९ नावाचा हा वंश पूर्व आफ्रिकेतून येमेन आणि इराणपर्यंत पोहोचला. भारतात पीबीडब्ल्यू ३४३ पडला तो पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या वंशांपुढे.

म्हणजे रोगाला कायमचा दाद न देणारा गहू नसतोच. एक जनुक हरलं की दुसरं लागतं आणि ते सापडतं अशाच कुठल्यातरी जुन्या, कमी उत्पन्नाच्या, कुणी फारसं न पेरणाऱ्या वाणात. तो वाण शेतातून गेला असेल आणि संग्रहातही नसेल, तर ते जनुक कायमचं गेलं. म्हणूनच बियाणे बँकेतलं प्रत्येक पाकीट जपलं जातं, ते कधी लागेल हे आज माहीत नसतानाही.

लायसेन्कोने झटपट गहू देतो म्हणून सांगितलं होतं, तो गहू कधी आला नाही. वाविलोव यांनी जमवलेलं बियाणं आजही दर काही वर्षांनी पेरून जिवंत ठेवलं जातं आणि गव्हावर नवा रोग आला की त्यात उत्तर शोधलं जातं.